राहू की रोहू?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)

माझ्या १९८३च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "बँकेतले अनुभव सांग" असं सुचवलंय. बँकेत मी चौतीस वर्षं काढली, पण त्यातलं काही सांगायला लागलो तर दहा मिनिटांत निम्मा हॉल झोपेल. म्हणून विषय बदलतो. आज मी एका माशाबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्या वर्गात या माशावरून एकदा खूप हसणं झालं होतं आणि त्या हसण्याचं थोडं देणं माझ्याकडे बाकी आहे.

आठवतंय का बघा. आपण आठवीत होतो. विज्ञानाचा तास होता, पाण्यातल्या प्राण्यांचा धडा चालू होता. सरांनी विचारलं, "गोड्या पाण्यातल्या एखाद्या माशाचं नाव कोण सांगेल?" आपण सगळे गप्प. कुणी कापूस पिकवणाऱ्याचं पोर, कुणी केळीवाल्याचं, कुणी रेल्वेतल्या कामगाराचं. मासा खाल्लेला होता, नाव कुणाला ठाऊक! तेवढ्यात मागच्या बाकावरून आपला एक मित्र उठला. त्याचं नाव मी घेत नाही. "नाव घेऊ नको, बाकी काय सांगायचं ते सांग," असं त्यानंच मला बजावलंय. तो भोई समाजातला, घर नदीच्या काठाला, वडील तापीवर जाळं टाकायचे.

तो म्हणाला, "सर, राहू."

वर्गात एकदम हशा. आणि तो हशा सुरू केला मी. मी पुढच्या बाकावरून वळून म्हणालो, "मग केतू कुठाय?" अख्खा वर्ग लोळला. सरांनी छडी टेबलावर आपटून सगळ्यांना गप्प केलं, पण फळ्यावर लिहिताना "रोहू" असं लिहिलं, कारण पुस्तकात तसं छापलं होतं. मग त्याला विचारलं, "कसा असतो रे हा मासा?" तो खाली मान घालून म्हणाला, "पर तांबडे ऱ्हातात, सर." आणि बसला. पुढच्या तासाला ते सगळे विसरले. मीही विसरलो.

आता दुसरी गोष्ट त्याच वर्षाची. आपल्यातल्या निम्म्यांनी आठवीत संस्कृत घेतलं होतं. आपल्या संस्कृतच्या बाईंना अमरकोश तोंडपाठ होता. त्यातल्या वारिवर्गात, म्हणजे पाण्याशी संबंधित शब्दांच्या प्रकरणात, माशांची नावं येतात. त्यात एक नाव आहे रोहित. बाईंनी सांगितलं होतं, रोहित म्हणजे तांबडा. आपण वहीत लिहून घेतलं, परीक्षेपुरतं पाठ केलं, एक मार्क मिळवला. मागच्या बाकावरच्या मित्रानं मात्र संपूर्ण हिंदी घेतलं होतं, तो त्या तासाला दुसऱ्या वर्गात बसायचा.

म्हणजे बघा, ज्यांना शब्द माहीत होता त्यांना मासा माहीत नव्हता, आणि ज्याला मासा माहीत होता त्याच्यापर्यंत शब्द पोचला नव्हता. मध्ये फक्त एक भिंत होती. ती ओलांडायला मला पंचवीस वर्षं लागली.

ती कशी, ते सांगतो. प्रमोशन झालं आणि माझी बदली कोलकात्याला झाली. तिथल्या बाजारात पहिल्याच रविवारी गेलो. कोळीण नव्हे, तिथं मासे विकायला पुरुष बसतात, समोर मोठी उभी विळी. एकानं मोठा मासा उचलून दाखवला आणि म्हणाला, "रुई, रुई." मी विचारलं, म्हणजे कोणता? तर शेजारी उभा असलेला एक म्हातारा बंगाली बाबू मला हिंदीत म्हणाला, "रुई म्हणजे रोहित मत्स्य. पर बघा की, लालसर आहेत." त्यानं माशाचा पोटाकडचा पर बोटानं उघडून दाखवला. खरंच तांबूस होता.

मित्रांनो, मी तिथंच उभा राहिलो. मला बाईंचा अमरकोश आठवला आणि त्याच क्षणी मागच्या बाकावरचा आवाज आठवला : "पर तांबडे ऱ्हातात, सर." त्यानं त्या दिवशी माशाचं नाव सांगितलं होतं आणि नावाचा अर्थही सांगितला होता. दोन्ही बरोबर होतं. चुकलो होतो आम्ही.

त्या दिवसापासून हा मासा माझ्या मागे लागलाय. निवृत्त झाल्यावर धुळ्याला देवपूरला राहायला आलो आणि वेळच वेळ मिळाला. धुळं म्हणजे शब्दांच्या मुळाशी जाणाऱ्या माणसाचं गाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं. मराठी शब्द कुठून आले याचा ध्यास घेतलेला तो माणूस. त्यांचा नामादि शब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात याच मंडळानं काढला. तिथं बसून मी जे थोडंफार वाचलं, समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो. मी काही भाषेचा पंडित नाही, चूक असेल तर गुरुजनांनी कान धरावा.

संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. त्याचंच जुळं भावंड लोहित, र ऐवजी ल. रुधिर म्हणजे रक्त, तेही त्याच मुळाचं. रोहिणी म्हणजे तांबडी गाय आणि रोहिणी म्हणजे आकाशातली ती तांबूस चांदणी. रात्री बघा कधी, वृषभ राशीतला तो तारा खरंच लालसर दिसतो. आपल्या खान्देशात रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे पंचवीस मेच्या सुमारास, की विहिरीला पाणी असलेला शेतकरी कपाशी टोचायच्या घाईत असतो. आपण रोहिणीत पेरतो, घरात पोराचं नाव रोहित ठेवतो, टीव्हीवर रोहित शर्माच्या षटकाराला टाळ्या वाजवतो आणि बाजारात रोहू घेतो. शब्द एकच. माझ्या भाच्याचंही नाव रोहित आहे. त्याला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हे कॉलेजात कुणाला सांगू नकोस."

हा शब्द फक्त आपला नाही. आपली भाषा आणि युरोपातल्या बऱ्याचशा भाषा फार जुन्या काळी एकाच घरातल्या. इंग्रजीतलं 'रेड', जर्मनमधलं 'रोट', लॅटिनमधलं 'रुबेर' हे सगळे आपल्या रोहिताचे आणि रुधिराचे चुलतभाऊ. आणि गंमत ऐका. इंग्लंडच्या तळ्यांत, संथ नद्यांत एक मासा असतो, त्याचे पर लालभडक. त्याला इंग्रज 'रड' म्हणतात. तो शब्दही लाल या अर्थाचाच, त्याच मुळातून आलेला. जर्मन लोक त्याला 'रोटफेडर' म्हणतात, म्हणजे लाल पिसाचा. तो मासा आपल्या रोहूसारखाच कार्प कुळातला, पण वेगळा. इंग्लंडच्या तळ्याकाठचा कुणी गळ टाकून बसलेला माणूस आणि बंगालच्या नदीवरचा कुणी जाळेवाला यांची कधी गाठ पडली नसेल. दोघांनी आपापल्या पाण्यातल्या माशाकडे बघितलं, पहिल्यांदा नजरेत भरला तो तांबडा रंग आणि दोघांच्याही तोंडून एकाच मुळाचा शब्द निघाला.

आता आपल्याकडच्या रोहिताची थोरवी बघा. चरकसंहितेत कशाकशात काय श्रेष्ठ याची यादी आहे, त्यात माशांमध्ये रोहित श्रेष्ठ म्हटलाय. मनुस्मृतीत जे मासे चालतात म्हणून सांगितले आहेत, त्यांत पाठीन आणि रोहित ही नावं आहेत. पाठीन म्हणजे तो लांब मिशांचा, मोठ्या जबड्याचा मासा, ज्याला हिंदीत अजून पढिन म्हणतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद म्हणून गळानं मासे धरण्याचं अख्खं प्रकरण आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात, त्याला आमिष कसलं लावायचं, दोर कसला, सगळं. एवढ्या मोठमोठ्या ग्रंथांत बसलेला हा मासा आपल्या वर्गात आला, तेव्हा आपण त्याला काय विचारलं? केतू कुठाय!

बरं, रोहितचा रोहू आणि राहू झाला कसा? अशिक्षित लोकांनी बिघडवला, असं आपल्याला वाटायचं. ते तसं नाही. प्राकृतात एक नियमच होता : दोन स्वरांच्या मध्ये आलेली त, द, ग यांसारखी अक्षरं हळूहळू गळून जायची. मातेची माय झाली. पादाचा पाय झाला. आणि आपलं घरचं उदाहरण घ्या. नगर या शब्दातला ग गळाला, नअर झालं आणि त्याचं झालं नेर, असं अभ्यासक सांगतात. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर! आज या हॉलमध्ये अमळनेरचे निदान पंधरा जण बसलेत. त्यांना कुणी म्हटलं का कधी, की तुमच्या गावाचं नाव अशुद्ध आहे, अमळनगर म्हणा? तसाच रोहितमधला त गळाला. बंगाल्यांनी रुई केलं, ओडिशात रोही, आसामात रौ, हिंदीत रोहू आणि आपल्या घाटावर राहू. नदीतला दगड वाहून वाहून गुळगुळीत होतो, त्याला कुणी फुटका म्हणत नाही. तसंच हे नाव.

पुढे इंग्रज आले. फ्रान्सिस बुकानन हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्यानं गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर मोठं पुस्तक लिहिलं, ते १८२२ साली एडिंबरोला छापलं. माशांना शास्त्रीय नावं देताना त्यानं काय केलं? जिथं जमेल तिथं तिथल्या लोकांचेच शब्द उचलले. म्हणून कटला हा शास्त्रातही 'कटला' आणि मृगळ हा 'मृगाला'. रोहूला त्यानं नाव दिलं 'रोहिता'. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत या माशाचं नाव 'लेबिओ रोहिता' असंच लिहितात. लेबिओ म्हणजे लॅटिनमध्ये जाड ओठांचा. रोहूचे ओठ खरोखरच जाड आणि झालरीसारखे असतात. म्हणजे अर्धं नाव ओठावरून, अर्धं रंगावरून.

आपल्या महाराष्ट्रातही तसंच झालं. विल्यम हेन्री साईक्स नावाचा लष्करी अधिकारी दख्खनमध्ये पाहणीच्या कामावर होता. त्यानं भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले आणि १८३९च्या सुमारास त्यांची वर्णनं लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यातली नावं वाचली तर वाटतं, आपण नदीकाठच्या बाजारातच उभे आहोत : रोहती, पोटैल, गोगरा, शिंघाळा, मळ्या. ही सगळी आज शास्त्रीय नावं आहेत! कुणा अनाम मराठी जाळेवाल्यानं साहेबाला बोटानं दाखवत सांगितलं आणि ते जगाच्या पुस्तकात कायमचं बसलं. साहेबानं त्याला "केतू कुठाय" असं विचारलं नाही, वहीत लिहून घेतलं. आपण आपल्याच वर्गात ते केलं नाही, एवढं मला आज म्हणायचंय.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं, आपल्या त्या मित्राला शोधायचं. त्यानं नववीत शाळा सोडली होती. ग्रुपवर कुणाकडे त्याचा नंबर नव्हता. शेवटी भुसावळकडच्या एका दोस्तानं माग काढला. तो हतनूर धरणावर मच्छीमार सोसायटीत काम करत होता. मी सकाळी साडेसहाला तिथं पोचलो. नाव काठाला लागत होती. मी ओळखलं, त्यानं नाही ओळखलं. केस गेलेत ना माझे! मग नाव सांगितलं, तेव्हा म्हणाला, "अरे, केतूवाला!"

मला काय बोलावं सुचेना. चाळीस वर्षं त्याच्या डोक्यात माझी ओळख ती होती. मी सरळ म्हटलं, "माफ कर, भाऊ. तुझं बरोबर होतं." मग बाईंच्या रोहितपासून बंगाली बाबूपर्यंत सगळं सांगितलं. तो जाळ्यातून मासे सोडवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी शाळा सोडली ती तुमच्या हसण्यामुळं नाही रे. बाप आजारी पडला, नाव कोण चालवणार? तुम्ही तर सगळ्यांनाच हसायचे." थोडा थांबला आणि म्हणाला, "पण वर्गात मी परत कधी हात वर नाही केला, हे खरं."

मित्रांनो, हे दुसरं वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मग त्यानं मला चहा पाजला आणि माझा तास घेतला. टोपलीतले तीन मासे शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, "हा कटला. डोकं मोठं, तोंड वर, हा पाण्याच्या वरच्या अंगाला खातो. हा मृगळ. सडपातळ, तोंड खाली, हा तळाला चरतो. आणि मधला हा राहू, मधल्या पाण्यातला." एकाच तळ्यात तिघं राहतात आणि कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. म्हणून तर मत्स्यशेतीत हे तिघं एकत्र सोडतात. परांचं विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचे सारखे लाल नसतात. गढूळ पाण्यातला करडा पडतो. चांगल्या वाहत्या पाण्यातला, पावसाच्या तोंडावरचा बघ, पर तर तांबडे असतातच, खवल्यावरही तांबूस ठिपका दिसतो." हे कुठल्या कोशात मला सापडलं नव्हतं.

मी विचारलं, हा राहू तापीतला मूळचा का? तो हसला. "हा बीज सोडलेला." आणि ते खरं आहे. रोहूचं मूळ घर गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू यांच्या खोऱ्यांत. आपल्या धरणातळ्यांत जो रोहू निघतो, तो बहुतेक सगळा सोडलेल्या बियाण्याचा. हा मासा साठलेल्या पाण्यात वाढतो खूप, पण अंडी घालत नाही. त्याला पावसाळ्यातला नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी पुराच्या वेळी गंगेच्या खोऱ्यातून त्याची पिल्लं धरायची आणि डब्यांत भरून आगगाडीनं दूरदूर न्यायची अशी पद्धत होती. मग ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्याच पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. तो दिवस १० जुलै १९५७. आज १० जुलै हा आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो, तो त्यासाठी. त्यानंतर बीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि गंगेचा रोहू तापी, गिरणा, पांझरेकाठच्या ताटात आला. भुवनेश्वरच्या संस्थेनं पुढे लवकर वाढणारा एक सुधारित रोहू तयार केला आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ला, तो बाहेर आणला. त्याचं नाव ठेवलं जयंती. नावं ठेवायची हौस शास्त्रज्ञांनाही असते!

आणि आपल्या मत्स्य खात्याचे शब्द ऐका. नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू, ते मत्स्यजिरे, कारण जिऱ्याएवढं. बोटाएवढं झालं की बोटुकली. सरकारी कागदात इतका गोड शब्द मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बँकेत मत्स्यशेतीच्या कर्जाच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या. "बोटुकली : इतके हजार नग" असं वाचून मी सही करत होतो, पण कधी थांबून विचार केला नाही की हा शब्द कुणाला सुचला असेल.

निघताना मित्र एक गोष्ट बोलला, ती तुम्हाला सांगायलाच हवी. म्हणाला, "तू राहूचं बोलतोस. राहूला काही होत नाही, त्याचं बीज येतं विकत. माझ्या बापाला इथल्या माशांची पंचवीस-तीस नावं यायची. मला पंधरा येतात. माझ्या पोराला बाजारातल्या पाटीवरची चारच येतात : रोहू, कटला, मृगळ, तिलापी." नदीत बांध आले, वाळू गेली, बारीक डोळ्यांची जाळी आली. मृगाचा पहिला पूर आला की मासे अंडी घालायला उलट्या धारेनं चढतात, तेव्हाच त्यांना काठाकाठानं धरतात. एका किलोच्या मादीच्या पोटात लाखावारी अंडी असतात. "गाभोळीचा मासा लोक कौतुकानं घेतात," तो म्हणाला, "पण पहिल्या पुरातली गाभोळी म्हणजे पुढच्या चार वर्षांचं जाळं आपण आज खातो." मासा जातो आणि त्याच्या मागोमाग नावही जातं. कारण जो दिसत नाही त्याला हाक कोण मारणार?

मी त्याला म्हटलं, मला ती पंधरा नावं सांग. त्यानं सांगितली आणि मी लिहून घेतली. काही तुम्हालाही ओळखीची आहेत, मरळ, वाम, शिंघाळा. काही मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. ती कुठल्या पुस्तकात सापडतात का, ते शोधायचं काम चालू आहे. एका नावाशी मी अडलो, दोनदा विचारलं, तर तो म्हणाला, "तू सुधारू नको, जसं सांगतो तसं लिही." मी तसंच लिहिलं. त्या वहीवर पहिलं नाव 'राहू' आहे. कंसातही रोहू नाही.

जाता जाता आपल्या घरच्या भाषेबद्दल एक शब्द. आपल्यापैकी कितीतरी जण घरी अहिराणी बोलायचे. शाळेच्या दारात आलो की ती चपलांबरोबर बाहेर ठेवायची. तोंडून एखादं "शे" निघालं तर लाज वाटायची. बहिणाबाई चौधरींनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यांच्या बोलीतली गाणी १९५२ साली पुस्तकात आली आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण ते नाव आपण विद्यापीठाच्या कमानीवर वाचतो आणि घरात नातवानं बोलीतला शब्द उच्चारला तर आपणच त्याला सुधारतो. राहूचं जे मी केलं, तेच ते. त्या दिवशी हतनूरला निघताना मित्र मला म्हणाला होता, "मन्हा बाप राहूच म्हणस, मी बी राहूच म्हणसू." मी म्हटलं, म्हण भाऊ. आजपासून मीही तेच म्हणणार.

तर माझी विनंती साधी आहे. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मी एक कोरी वही ठेवून जातोय. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. आपापल्या गावी गेल्यावर एखाद्या जुन्या माणसाला विचारा : मासा असो, गवत असो, पाखरू असो, मातीचा प्रकार असो. नाव जसं सांगतील तसं लिहा, गाव लिहा आणि ते नाव कशावरून पडलं असं त्यांना वाटतं, तेही लिहा. शुद्ध-अशुद्ध नंतर बघू. पहिलं पान मी भरलंय, आपल्या मित्राच्या पंधरा नावांनी. शास्त्रातली आणि कोशातली जोड कुणाला देता आली तर शेजारच्या पानावर द्यावी. बाई, तुमचा अमरकोश तिथं लागणार आहे.

आणि आजच्या शिक्षकांना हात जोडून सांगतो : मागच्या बाकावरचं पोर काही वेगळं नाव सांगत असेल, तर फळ्यावर पुस्तकातलं नाव लिहा, अवश्य लिहा, परीक्षा तर आहेच. पण शेजारी त्याचंही लिहा.

आमचा तो मित्र आज आला आहे. मागच्या बाजूला उजवीकडे, भिंतीला टेकून बसलाय. पुढे बस म्हटलं तर येत नाही, म्हणतो जुनी जागा बरी. जेवणात आज भरीत-पुरी आहे, मासे नाहीत, त्याबद्दल त्यानं आयोजकांकडे तक्रार नोंदवलेली आहे. जेवताना त्याच्याजवळ जाऊन बसा. तो सांगेल ते ऐका.

दहा मिनिटांची वीस झाली. बँकेत असतो तर दंडव्याज लागलं असतं. थांबतो.